चारच्या आत

यंदाच्या बसवजयंतीला पाहुणे पाणी घेऊन आले.

तसं ठरलंच होतं. नीलम्मानं फोनवर प्रत्येकाला एकच सांगितलं होतं, "पुरणाचं माझ्याकडं लागलं, पाण्याचं तुमचं तुमी बघा." मग लातूरहून धाकटे दीर मडिवाळप्पा आले ते दोन्ही हातांत दोन जार घेऊन. नांदेडहून लेक रुद्राणी आली ती गाडीच्या मागच्या बाजूला कॅन भरून. आणि मोंढ्यातले वाजिदभाई दलाल आले तर त्यांच्या खांद्यावर चक्क कळशी. सिद्रामप्पांच्या आडत दुकानापुढं उभी हयात बोली लावलेला हा माणूस सणाला कधी रिकाम्या हातानं आला नव्हता, पण आहेरात पाणी आणायची वेळ त्याच्यावरही पहिल्यांदाच आली होती.

"भाभी, हे आमच्या बेगमनं, दिलशादनं दिलं," कळशी उतरवत ते म्हणाले. "आमच्या बोअरचं हाय. आंघोळीत घालू नका, प्यायचं हाय."

"आंघोळ? ती काय असती, वाजिदभाई?" नीलम्मा म्हणाली, आणि सगळे हसले.

सिद्रामप्पा या सगळ्या वर्दळीकडं आपल्या खुर्चीतून बघत होते. ही खुर्ची मोरीच्या दाराला लागून होती आणि होळीपासून त्यांनी ती कुणाला दिली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, इथं वारं येतं. मोरीकडून येणारं वारं माणसाला एवढं का आवडावं, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

दुष्काळात पाणी कसं वापरावं ते आप्पांकडून शिकावं, असं मोंढ्यात बोललं जायचं. कुठंही गेले तरी कपभर पाण्याच्या वर घेत नसत. समोर तांब्या आला की हात आडवा करत. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून निघालेल्या कृती समितीच्या बैठकीत तर एकानं भाषणात त्यांचा दाखला दिला होता, "सत्तरीच्या वर वय, एवढं ऊन, पण हा माणूस गावासाठी तहान मारतो!" सिद्रामप्पांनी तेव्हा नम्रपणे मान खाली घातली होती. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं. जेवढं आत जाईल तेवढं बाहेर येतं, आणि बाहेर यायचं म्हटलं की हल्ली फार खटाटोप व्हायचा. जायचं घाईनं, उभं राहायचं निवांत, आणि परतायचं अर्ध्या कामावर.

"मोरीतला ड्रम गळून राहिला बघ," नीलम्मा लेकीला सांगत होती. "रात्री भरून ठेवावा तर सकाळी निम्मा. परवा सलीम प्लंबरला बोलावलं. त्यानं पालथा घालून बघितला. भोक काय सापडलं न्हाई."

सिद्रामप्पा छताकडं बघू लागले.

रुद्राणीनं आईकडं पाहिलं, मग वडिलांकडं, मग खुर्चीकडं, मग मोरीच्या दाराकडं. पोरगी लहानपणापासून अशीच होती. नमुन्याच्या चिमटीतल्या हरभऱ्यात एक किडका असला तरी तिला आधी दिसायचा.

"आप्पा," ती म्हणाली, "उद्या अकराची वेळ घेतली आहे. आठवण आहे ना?"

"कसली वेळ?" हे विचारलं श्रीमंतनं. श्रीमंत म्हणजे रुद्राणीचा थोरला भाऊ. दुकान तोच बघायचा आणि गेल्या वर्षापासून कृती समितीचाही चिटणीस होता. "उद्या कुठं न्यायचं न्हाई आप्पांना. उद्या सकाळी तहसीलपुढं साखळी उपोषण बसतंय. पहिल्या दिवशी पहिलं नाव आप्पांचं. बॅनर छापून टांगलाबी."

"नांदेडच्या डॉक्टरांनी परत बोलावलंय त्यांना."

"कशाला? रिपोर्ट चांगला हाय की."

"चारच्या आत हाय," सिद्रामप्पांनी ठामपणे सांगितलं. "तीन पूर्णांक चार. चारच्या आत म्हंजे पास. तिथंच कागदावर छापलंय."

झालं होतं असं. पंधरवड्यापूर्वी डोळे दाखवायला म्हणून सिद्रामप्पा लेकीकडं नांदेडला गेले होते. तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निघाल्यावर त्यांना "साखर बघून घेऊ" म्हणत दुसऱ्याच दवाखान्यात नेलं. तिथं हातातून रक्त घेतलं, हे ठीक होतं. पण नंतर त्या तरुण डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि कुशीवर वळायला सांगितलं. पुढं जे झालं ते सिद्रामप्पांनी अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. परत येताना गुरुद्वाराच्या कमानीपर्यंत ते लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. मग आकडा आला, चारच्या आत निघाला, आणि त्यांच्या लेखी तो विषय सौदा तुटल्यासारखा मिटला.

"आकडा बरा आहे, पण एका बाजूला गाठीसारखं कडक लागतंय, असं डॉक्टर म्हणाले," रुद्राणी म्हणाली. "नुसत्या आकड्यावर बसून राहू नका, म्हणाले."

"अज्जा, तुम्ही कशात पास झालात?" नात अक्की पाण्याच्या पेल्यांचं ताट घेऊन मध्येच उभी होती. यंदा पाणी वाटायचं काम तिच्याकडं होतं. प्रत्येकाला एक पेला, आणि दुसरा मागितला तर कारण सांगायचं, हा नियम तिनंच केला होता.

मोठी माणसं एकमेकांकडं बघू लागली. पण मडिवाळप्पा लातूरच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पोरानं प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं.

"इकडं ये, अक्के," ते म्हणाले. "आपल्या मोंढ्यामागं डाळ मिल आहे ना? ती चालू असली की रस्त्यावर काय उडतं?"

"भुसा. शाळेत जाताना डोळ्यांत जातो."

"शाबास. तशी पुरुषाच्या पोटात खाली, लघवीच्या पिशवीखाली, एक बारकी मिल असते. लहान अक्रोडाएवढी. तिला प्रोस्टेट म्हणायचं. ती चालते कशावर? हार्मोनवर. हार्मोन म्हणजे तिची वीज. मिल चालली की तिचा थोडा भुसा रक्तात उडतो. तो डॉक्टर मोजतात. त्या मोजण्याला पीएसए म्हणायचं."

"आणि भुसा लई उडाला तर?"

"तर बघायला जायचं. कधी मिल नुसती मोठी झालेली असते, म्हातारपणी होतेच. कधी सूज असते. आणि कधी भिंतीला तडा गेलेला असतो. तडा म्हणजे वाईट आजार. नुसत्या भुशावरून कोणतं ते कळत नाही."

अक्कीनं ताट खाली ठेवलं. विचार करायला तिला दोन्ही हात मोकळे लागत. "पण काका-अज्जा, लोडशेडिंग असलं की भुसा उडतच नाही. मग तडा असला तरी कळणार नाही की!"

मडिवाळप्पांचा चेहरा उजळला. "बघा! हे माझ्या दहावीच्या पोरांना सुचायचं नाही. बरोबर. वीज कमी असली तर भुसा कमी उडतो, आणि आपल्याला वाटतं भिंत धड आहे."

"काका," रुद्राणी हळूच म्हणाली, "आप्पांची वीजसुद्धा मोजली होती. कमी निघाली."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग श्रीमंतला ठसका लागला. वाजिदभाईंनी रुमाल तोंडाला लावला. सिद्रामप्पांचे कान लाल झाले.

"कमी म्हंजे किती कमी?" त्यांनी दरडावून विचारलं. "अन् हे चारचौघांत सांगायचं कारण?"

"वय झालं की कमी होतेच, आप्पा. त्यात लाजायचं काय? पण वीज कमी असलेल्याचा आकडा कमी आला तर त्यावर फार भरवसा ठेवू नये, असं काही डॉक्टर म्हणतात. काहींना ते तितकंसं पटत नाही. म्हणून आमचे डॉक्टर म्हणाले, वाद नको, आत जाऊन बघू."

"चव्वेचाळीस वर्षं झाली मला या घरात येऊन," नीलम्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "वीज किती अन् आवाज किती, ते मला इचारा. दवाखान्यात कशाला जायाला पायजे?"

आता मात्र श्रीमंत पोट धरून हसला. सिद्रामप्पाही मिशीत हसले, कारण बायकोनं चेष्टा केली म्हणजे विषय संपला, असा त्यांचा समज होता.

आणि तसा तो संपलाही. श्रीमंतनं पंचायत बसवल्यासारखं सांगून टाकलं, की उपोषणाचे पहिले चार दिवस होऊ द्या, मग आप्पांना नांदेडला नेऊ. मडिवाळप्पांनी मान डोलावली. "चार दिवसांनी काही बिघडत नाही, रुद्राणी. प्रोस्टेटचं सगळं सावकाश चालतं. मलाही आहे की त्रास. लातूरच्या डॉक्टरांकडं मी तीन वर्षं जातोय, औषधपाणी चालू आहे, बघ, ठणठणीत आहे."

"तुमचं काय, तुमच्याकडं पाणीबी रेल्वेनं येतं," सिद्रामप्पांनी संधी साधली.

"येतं. तिकीट काढून येतं," मडिवाळप्पा म्हणाले. "तुमचा जिल्हा झाला की तुमच्याकडंही पाठवू."

"उस्मानाबादेतून लातूर निघालं तवा मी आख्ख्या मोंढ्यात पेढे वाटले होते. त्याचं हे फळ. धाकटा भाऊ वेगळा निघून मोठा झाला, अन् आमी हितंच तालुका."

"अण्णा, मग उद्या उपोषण कुणाच्या विरोधात? माझ्या का?"

"निम्मं तुझ्याच!"

सगळे पुन्हा हसले. रुद्राणी हसली नाही. एकटी पडलेली लेक ताटं मांडू लागली, तेव्हा सिद्रामप्पांना एकदा वाटलं, हिला काहीतरी गोड बोलावं. पण तेवढ्यात मोरीकडचं वारं आठवलं आणि ते घाईनं उठले.

पंगत बैठकीतच बसली. पुरणपोळी, गव्हाची हुग्गी, कट, वर तुपाची धार. श्रीमंतनं उद्याच्या उपोषणाची भरपाई आजच केली, आणि तो तर उपोषणाला बसणारही नव्हता. अक्की एकेक पेला देत फिरत होती.

सिद्रामप्पा आणि मडिवाळप्पा शेजारी शेजारी बसले होते, लहानपणी बसत तसे. जेवण आटोपत आलं तसा मडिवाळप्पांचा हात खिशात गेला. गोळ्यांची पट्टी निघाली. एक गोळी त्यांनी तोंडात टाकली. दुसरी काढली आणि बोलणं न थांबवता, बघायचीही गरज न पडता, थोरल्या भावाच्या ताटाच्या काठाखाली सरकवली. सिद्रामप्पांनी तशीच ती उचलली. लहानपणी चोरलेली चिंच या हातातून त्या हातात जायची, तिला जसा आवाज नसायचा, तसंच.

"थांबा," रुद्राणी म्हणाली.

सिद्रामप्पांचा हात तोंडापाशी थांबला.

"काय आहे ते?"

"काय न्हाई. गोळी हाय. तम्माची."

"काकांची गोळी तुम्ही का घेताय?"

"आगं, दोघांना त्रास एकच," सिद्रामप्पा म्हणाले. "त्यो महिन्याला आणतो, जास्तीच्या दोन पट्ट्या मला पाठवतो. घरात एकाला औषध असताना दुसऱ्यानं परत डॉक्टरला कशाला शोधायचं? तुझी अव्वा न्हाई का, श्रीमंतच्या पित्ताच्या गोळ्या घेती?"

"मला मधी घेऊ नका," नीलम्मा म्हणाली.

"किती दिवस झाले?"

दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं. "दीड वर्ष झालं असंल," सिद्रामप्पा पुटपुटले.

रुद्राणीनं पट्टी हातात घेतली, नाव वाचलं आणि जागच्या जागी खाली बसली. "आप्पा, डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, काही गोळी चालू आहे का. माझ्यासमोर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, इसबगोल."

"मग? इसबगोल घेतोच की."

"त्यांनी का विचारलं ते मला नंतर सांगितलं होतं. ही गोळी हार्मोनची पुढची वाट अडवते. त्यानं मिल आक्रसते, लघवीला मोकळं होतं, गोळी वाईट नाही. पण सहा महिने, वर्षभर ही घेतली की रक्तातला आकडा निम्म्यावर येतो. म्हणून ही घेणाऱ्याचा आकडा दुप्पट धरायचा असतो."

मडिवाळप्पांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या प्रत्येक तपासणीत आकडा दुप्पट लिहिला जायचा. पण गोळी भावाच्या ताटाखाली सरकवताना तो नियमही सोबत सरकवावा, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"तीन पूर्णांक चार दुणे," अक्की बोटांवर मोजत होती, "सहा पूर्णांक आठ." तिनं मान वर केली. "अज्जा, चारच्या बाहेर."

सिद्रामप्पांनी गोळी ताटात ठेवली.

त्यांच्या डोळ्यांपुढं आला तो दुकानातला जुना तराजू. आता इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण उमेदीच्या काळात मोठा लोखंडी तराजूच होता. मालाच्या पारड्याखाली हळूच बोट लावून ते उचलून धरणारे लोक मोंढ्यात होते. दोन मणाचं पोतं मग एका मणाचं दिसायचं. असल्या एकाला सिद्रामप्पांनी भर बाजारात मनगट धरून सगळ्यांसमोर उभं केलं होतं, आणि त्याचं नाव अजून सांगत असत. दीड वर्ष आपल्याच पारड्याखाली आपलंच बोट होतं, आणि काटा बघून आपण पेढे वाटायच्या बेतात होतो.

पण हे तोंडानं कबूल करणारा माणूस तो नव्हे.

"बरं, मग सहा तर सहा," ते म्हणाले. "पुढं काय करणार त्यो?"

"बायोप्सी. आतल्या मांसाचे बारीक नमुने काढतात. सुई असते. भूल देऊन करतात."

"किती नमुने?"

"बारा."

"बारा ठिकाणी टोचणार?" सिद्रामप्पा उसळले. "एका जागी बघावं की! माणूस हाय का चाळण? एवढं टोचल्यावर राहिलं काय? हे बघ, मी येत न्हाई. मला काय धाड भरली न्हाई."

वाजिदभाईंनी हुग्गीची वाटी बाजूला ठेवली. ते उठले आणि घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या दाराकडं गेले. तिथं खुंटीला परखी लटकत होती. पोत्यात खुपसून आतलं धान्य बाहेर काढायची ती टोकदार, पोकळ सळई सिद्रामप्पांच्या तरुणपणापासूनची, मुठीपाशी झिजून चांदीसारखी झालेली. ती आणून त्यांनी सिद्रामप्पांच्या समोर ठेवली.

"आप्पा, हिला वळखता?"

"वाजिद, चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई. उमर गेली माझी तुमच्यापुढं बोली लावण्यात. तुमी एक पोतं वरचे दाणे बघून घेतलेलं मला दाखवा. वरून, खालून, डाव्या कुशीत, उजव्या कुशीत, मध्यात. शेतकरी वरडायचा, आप्पा, पोतं फाडता का माझं? तवा तुमी काय म्हणायचे?"

सिद्रामप्पा परखीच्या झिजलेल्या मुठीकडं बघू लागले.

"बोला की. समदा मोंढा पाठ म्हणतो."

"परखीनं पोतं फाटत न्हाई," सिद्रामप्पा नाइलाजानं म्हणाले.

"और?"

"अन् किडका माल वर बसत न्हाई."

"हां. मग आता नांदेडचा येक आडत्या तुमचं पोतं बघतो म्हणतोय, तर तुमी शेतकऱ्यावानी वरडून राहिले!" वाजिदभाईंनी परखी उचलून पुन्हा खुंटीला लावली. "किती कास्तकारांचे शाप हायेत तुमच्यावर, आज फिटत्याल."

श्रीमंतला हसू आवरेना, पण या वेळी हसता हसता त्याचे डोळे वडिलांवर होते, आणि बॅनरचं नाव त्यानं काढलं नाही.

सिद्रामप्पा उठले आणि हात धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. नीलम्मा चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, पाठमोरी बसली होती. पोळ्या संपल्या होत्या तरी ती बसूनच होती.

"तू काय म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

ती वळली नाही. "बहात्तरच्या दुष्काळात मी नवी होते या घरात," ती म्हणाली. "मामंजी दाराजवळ बाज टाकायचे. म्हणायचे, हितं वारं येतं. पाण्याचा तांब्या दिला की हात आडवा करायचे. सासूबाई म्हणायच्या, उन्हाळी लागली हाय, ऊनच लई हाय यंदा, पाऊस पडला की बरं वाटंल. लघवीला जळजळ झाली की समदेच उन्हाळी म्हणायचे. धने-जिऱ्याचं पाणी मीच करून द्यायची."

सिद्रामप्पांना सगळं आठवलं. शरणप्पा, त्यांचे वडील, शेवटी कंबर दुखते म्हणून रात्रंदिवस कण्हायचे. पाऊस पडला तोपर्यंत ते नव्हते. सगळ्या घरानं ते दुष्काळाच्या खात्यावर टाकलं होतं.

"ड्रमला भोक न्हाई, मला ठाऊक हाय," नीलम्मा म्हणाली. "राती तुमी कितींदा मोरीत जाता, ते मोजते मी. सलीमला उगंच बोलावलं. वाटलं, तुमी आपणहून बोलाल. बाई माणसानं किती इचारायचं?"

"मला भ्या वाटतंय, नीला," सिद्रामप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी या घरात कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते एवढं बारीक निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"वाटू द्या की. भ्यायलेल्या माणसाला गाडीत बसू देत न्हाईत का?"

ते बाहेर आले, आपल्या खुर्चीजवळ गेले आणि ती उचलून मोरीच्या दारापासून लांब, खिडकीखाली ठेवली. "अक्के," त्यांनी हाक मारली, "पाणी आण."

"कप?"

"तांब्या."

"कारण सांगा," अक्कीनं नियम काढला.

"तहान लागली हाय. होळीपासून."

दिलशादच्या कळशीतला तांब्या भरून आला. सिद्रामप्पांनी तो वर धरला आणि एका दमात, गळ्याची घाटी वरखाली होताना सगळ्यांना दिसेल असा, पुरा प्याले. मडिवाळप्पा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या खांद्यावर सिद्रामप्पांनी जाता जाता हात ठेवला. "तम्मा, उद्या तूबी चल. बाप एकच होता आपला."

"येतो, अण्णा," मडिवाळप्पा म्हणाले. "आणि ती पट्टी..."

"ती असू दे. डॉक्टरला दावू. आता मात्र मी मोरीवर जाऊन येतो," सिद्रामप्पांनी मोठ्यानं जाहीर केलं, "अन् वेळ लागंल. कुणी दार वाजवायचं न्हाई."

"मग उपोषणाला बसणार कोण?" श्रीमंतनं न राहवून विचारलं.

घरातल्या सगळ्या नजरा त्याच्या पोटावर गेल्या.

"मी?" श्रीमंत म्हणाला.

"एक दिवस," आई म्हणाली. "जिल्ह्यासाठी."

सकाळी श्रीमंतची बोलेरो तहसीलपुढं थांबली तेव्हा मांडव तयार होता. सतरंज्या पसरलेल्या, बॅनरवर सिद्रामप्पांचं नाव पहिलं, आणि त्याखाली त्यांचा मुलगा कालच्या पुरणपोळ्यांकडं मनानं परत जात बसलेला. मोंढ्यातले पाच-सहा म्हातारे पहिल्या रांगेत होते. रुद्राणीनं गाडी चालूच ठेवली होती. आप्पा नुसते हात जोडून निघतील, असं तिला वाटलं. पण सिद्रामप्पा उतरले आणि सतरंजीपर्यंत गेले.

"मंडळी, मी आज बसत न्हाई," ते म्हणाले. "मला लघवीचा त्रास हाय. कधीपासून लपवत होतो. पाणी दुष्काळापायी सोडलं न्हवतं, ह्याच्यापायी सोडलं होतं. त्या भाषणात माझं नाव घेतलं, ते मागं घ्या. नांदेडला दाखवायला निघालोय. उपोषणानं जिल्हा होईल न होईल, पण मधीच उठून पळायची पाळी आली तर समितीची शोभा जाईल."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. मग पहिल्या रांगेतले आप्पासाहेब, गुळाचे व्यापारी, मोठ्या बोलण्याचा माणूस, हळूच उठून जवळ आले आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात बोलले.

"सिद्रामप्पा, त्यो डॉक्टर... रातीला चार-पाच येळा उठावं लागतं, त्याचंबी बघतो का?"

"बघतो. पण कुशीवर वळायला सांगतो. आधीच सांगून ठेवतो."

आप्पासाहेबांनी आपला टॉवेल झटकला. "वळू की. गाडीत जागा हाय का?"

वाजिदभाई आधीच मागच्या सीटवर बसले होते, आणि ते नुसतं सोबतीला आले आहेत असं त्यांनी कालपासून इतक्यांदा सांगितलं होतं की कुणाचाच विश्वास उरला नव्हता. आप्पासाहेब त्यांच्या शेजारी चढले. त्यांना चढताना बघून आणखी एक म्हातारा उठला. श्रीमंत सतरंजीवरून ओरडला, "आप्पा, माझी पहिली रांग नेऊन राहिला तुमी!" पण तोवर बोलेरो निघाली होती.

गाडी उदगीरच्या बाहेर पडली. दोन्ही बाजूंना करपलेली, उघडी शेतं, मध्येच एखादा टँकर. नीलम्मानं मांडीवर पाण्याचा कॅन धरला होता आणि प्रत्येकाला ती आग्रहानं पेला भरून देत होती. कुणी हात आडवा करत नव्हतं. मडिवाळप्पा नव्या सोबत्यांना डाळ मिलची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते, वीज, भुसा, तडा, आणि कुणी चूक प्रश्न विचारला तरी शाबास म्हणत होते. सिद्रामप्पा पुढं लेकीशेजारी बसून रस्ता बघत होते. अकरा वाजता काय निघेल ते निघेल. पोतं काट्यावर ठेवलं होतं आणि या वेळी खाली कुणाचं बोट नव्हतं.

जळकोटच्या अलीकडं त्यांनी घसा खाकरला.

"रुद्राणी, जरा गाडी बाजूला घे."

तिनं कारण विचारलं नाही. गाडी बाभळीच्या सावलीत थांबली, आणि ड्रायव्हरचं सोडून बाकीची सगळी दारं एकदम उघडली.